गल्लीतल्या शेवटच्या नळापर्यंत

शाळेत मी सातवीला मराठी शिकवते. दरवर्षी उन्हाळा जवळ आला की ‘पाणी वाचवा’ या विषयावर निबंध लिहायला देते आणि दरवर्षी चाळीस-पन्नास वह्यांमध्ये तेच वाचते. पाणी म्हणजे जीवन, थेंब थेंब वाचवा, झाडे लावा. अक्षर सुंदर, शुद्धलेखन बरे, गुण दहापैकी आठ. वही मिटली की विषय संपला.

यंदा मी निबंध दिला नाही. मुलांना सांगितले, “घरी नळाखाली बादली ठेवा. रोज करता तसाच वुजू करा. मग बादलीत किती पाणी जमले ते लिटरच्या बाटलीने मोजा आणि आकडा लिहून आणा. घरातल्या मोठ्यांचाही मोजा, पण अदबीने विचारून.”

हे मी घरी जेवताना सहज बोलले. माझा मुलगा सहावीत आहे. दुसऱ्या दिवशी असरच्या वेळी त्याने माझ्याच नळाखाली बादली सरकवली. मी वुजू करून उठले, तर हा बाटली घेऊन बसलेला. “अम्मी, तुमचे नऊ लिटर.”

मला खरे वाटले नाही. मगरिबला मी जरा सांभाळून वुजू केला, तरी साडेसात भरले. तो दादीकडे गेला. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो, अजूनही लोट्यानेच वुजू करतात. त्यांचे पाणी दीड लिटरही झाले नाही. वर्गात पाणी वाचवायला शिकवणारी मी, आणि घरात सर्वांत जास्त पाणी सांडणारीही मीच.

सुन्नत आणि आपला नळ

हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपण ऐकलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आपल्या मापाने साधारण पाऊण लिटरच्या आत. चार मुद म्हणजे एक साअ, तीन लिटरच्या आतबाहेर. म्हणजे माझ्या एका वुजूच्या पाण्यात त्या मापाने डझनभर वुजू झाले असते.

आपण सुन्नतबद्दल किती बारकाईने विचारतो! मिसवाक कसा धरावा, आधी कोणता हात धुवावा, मसह कसा करावा. हे विचारायलाच हवे. पण पाण्याचे माप हीसुद्धा सुन्नत आहे, हे नळासमोर उभे राहिले की लक्षात राहत नाही. याचे कारण साधे आहे. लोट्यातले पाणी संपताना दिसते, नळाचे दिसत नाही. मिसवाक करताना, बाह्या सरसावताना, ओढणी नीट करताना नळ चालूच असतो. हात-पाय धुवायला लागते त्यापेक्षा जास्त पाणी या मधल्या वेळात जाते.

हिशेब करून पाहा. घरात पाच माणसे आणि प्रत्येकाचे दिवसाला पाच वुजू धरले तर पंचवीस वुजू होतात. सात लिटरप्रमाणे १७५ लिटर, दीड लिटरप्रमाणे ३८ लिटरही नाही. दर वेळी नवा वुजू लागतोच असे नाही, म्हणून हिशेब निम्मा धरला तरी रोज चार बादल्या पाणी वाचते. तेही वुजूत काहीही कमी न करता.

शिकलो होतो, विसरलो

मला जास्त लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. हे सगळे मला माहीत होते. आम्ही लातूरचे. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरू शकत नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आपल्याला प्यायला पाणी आले, हे पाहून स्टेशनवर गेलेल्या लोकांचे डोळे भरून आले होते.

त्या वर्षी रमजानचा पहिला रोजा ७ जूनला होता. आमच्या घरात तेव्हा वुजूसाठी प्रत्येकाचा लोटा ठरलेला होता. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना, कपड्यांचे शेवटचे पाणी फरशीला आणि फरशीचे पाणी संडासात. सहा वर्षांची माझी मुलगीही पेल्यात घेतलेले पाणी उरवत नव्हती. कुणी कुणाला भाषण दिले नव्हते. गरजच तशी होती.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीला धो-धो पाऊस झाला आणि धरणात पाणी आले. आम्ही शुक्राना अदा केला. आणि हळूहळू लोटे माळ्यावर गेले. एकट्या अम्मांनी आपला लोटा सोडला नाही. आम्ही त्यांना थट्टेने म्हणायचो, “अम्मा, आता भरपूर पाणी आहे, मोकळ्या हाताने वापरा.” त्या म्हणायच्या, “पाणी भरपूर असले म्हणून काय, हिशेब माझ्याकडून घेतला जाईल ना!” आम्ही हसून सोडून द्यायचो.

इब्ने माजामध्ये हजरत सअद (रजि.) यांच्या वुजूचा जो प्रसंग आला आहे, तो खुतब्यात आपण ऐकतो. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी पाणी जास्त वापरू नका, ही त्यातली शिकवण. टंचाई आहे म्हणून जपणे ही झाली मजबुरी. भरपूर असताना जपणे हे खरे. अम्मांना जे कळले होते ते बी.एड. झालेल्या सुनेला कळले नव्हते.

मोटरीचा आवाज

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला जड जाते. पण ते सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी सगळी गल्ली जागी असते. आमचे घर गल्लीच्या सुरुवातीला, पाइपलाइन आधी आमच्याकडे येते. तरीही काही वर्षांपूर्वी आम्ही नळाला थेट मोटर लावली. पाणी गच्चीवरच्या टाकीत लवकर चढते, बायकांची धावपळ वाचते, एवढाच विचार. हे नियमात बसत नाही हे माहीत होते, पण आजूबाजूच्या चार घरांत मोटरी होत्या. सगळेच लावतात, आपण एकट्याने न लावून काय होणार?

गल्लीच्या शेवटच्या टोकाला, जिथे उतार संपतो, तिथे एक बुजुर्ग खाला राहतात. बेवा आहेत, शिवणकाम करतात, सोबत एक नातू. नळाच्या दिवशी त्या कधी कधी दोन घागरी घेऊन आमच्याकडे यायच्या. मी आनंदाने भरून द्यायचे, वर खुर्ची पुढे करायचे, चहा विचारायचे. खाला दुआ देऊन जायच्या. मला वाटायचे, चला, आपल्या हातून सवाबचे काम झाले.

वुजू मोजायची खोड लागल्यावर मुलगा घरातले सगळेच पाणी मोजू लागला. एका नळाच्या दिवशी टाकी भरून वाहत होती आणि मी स्वयंपाकात होते. पाइपातून पडणारे पाणी त्याने बादलीत धरले. मी खाली येऊन मोटर बंद करेपर्यंत दोन बादल्या भरून तिसरी निम्मी झाली होती. मग तो गच्चीच्या कठड्यावरून पाहत राहिला. आधी सांडलेले पाणी गल्लीतल्या नालीतून उतारावर चालले होते, थेट खालांच्या दारासमोरून. आणि खाला दारात घागर घेऊन आमच्या घराकडे येण्याच्या तयारीत उभ्या होत्या.

ज्या दोन घागरी मी सवाब समजून देत होते, त्या त्यांच्याच नळाच्या होत्या. मोटर लावून त्यांच्या वाट्याचे पाणी मी आधी ओढून घेत होते आणि मग त्यातले थोडे त्यांना दान करीत होते. जवळ जास्तीचे पाणी असून वाटसरूला नाकारणाऱ्याविषयी हदीसमध्ये किती कडक इशारा आला आहे! आणि इथे तर वाटसरू नव्हे, शेजारीण होती.

त्या रात्री मी घरात विषय काढला. आमचे हे म्हणाले, “आपण काढली तरी बाकीचे काढणार नाहीत. पाणी खालांना नाही, पुढच्या मोटरवाल्यांना मिळेल.” हे म्हणणे चुकीचे नव्हते. अम्मा एवढेच म्हणाल्या, “कयामतच्या दिवशी पुढच्या घराचा हिशेब तुला विचारणार नाहीत.” दुसऱ्या आठवड्यात मोटर निघाली. आता नळाचे पाणी खालच्या हौदात आपल्या दाबाने पडते आणि हौदातून वर चढवायला मोटर वापरतो. वेळ दुप्पट लागतो. टाकीला तरंगणारा चेंडू असलेला कॉक बसवला, टाकी भरली की पाणी आपोआप थांबते. नळसामानाच्या दुकानात तो सहज मिळतो.

गल्लीत सगळे बदलले असे मी म्हणणार नाही. पाच मोटरींपैकी दोन निघाल्या, तीन चालू आहेत. खालांच्या नळाला आता पंधरा-वीस मिनिटे पाणी येते, तेही बारीक धारेने. पण घागरी घेऊन त्या आमच्या दारात येत नाहीत. मी त्यांना खरे सांगून माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “बेटी, मला ठाऊक होते. पण जिथून पाणी मिळते तिथे तक्रार कशी करायची?” हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

‘पर्यावरण’ हा शब्द ऐकला की आपल्याला दूरचे जंगल, वितळणारा बर्फ असे काही आठवते. मला आता गल्लीतला शेवटचा नळ आठवतो. आपण वाया घालवतो ती वस्तू कुणाच्या तरी वाट्याची असते. म्हणून इसराफ हा फक्त आपल्या आणि अल्लाहच्या मधला मामला नाही. त्यात बंद्याचा हक्कही अडकलेला असतो, आणि तो हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो.

दस्तरखान

हाच विचार स्वयंपाकघरात लावून पाहिला. एक किलो तांदूळ पिकायला सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. दहा किलो तांदळाची बिर्याणी उष्ट्यात गेली तर पंचवीस हजार लिटर पाणी, म्हणजे दोन मोठे टँकर, उकिरड्यावर ओतल्यासारखे झाले. मसाला, गॅस, आचाऱ्याची मेहनत वेगळीच.

मागच्या हिवाळ्यात आमच्या नणंदेच्या मुलीचा निकाह होता. मोठे दीर, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, त्यांच्याकडे जेवणाची जबाबदारी होती. मी भीत भीत सुचवले की, येणाऱ्यांची संख्या आधी फोन करून विचारावी, एक देग कमी चढवावी, पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी जग आणि स्टीलचे ग्लास ठेवावेत. भाईजान म्हणाले, “मुलीच्या घरचे कार्य आहे. कमी पडले तर लोक म्हणतील हात आखडला.” ही भीती खोटी नाही. आपल्या समाजात उरले तर इज्जत वाढते आणि पुरले तर चर्चा होते.

शेवटी मधला मार्ग निघाला. एक देग कमी चढवली, पण दहा किलो तांदूळ आणि गोश्त कच्चेच राखून ठेवले, गरज पडली तर शिजवायला. ताटात एकदम ढीग न वाढता थोडे वाढायचे आणि पुन्हा पुन्हा विचारायचे, हे वाढणाऱ्या मुलांना समजावले. राखलेले तांदूळ शिजवावे लागले नाहीत. जे अन्न उरले ते देगीतले, उष्टे नसलेले होते. ते गरम असतानाच डब्यांतून वस्तीत पोचवले. दुसऱ्या दिवशी पाठवू म्हणून ठेवलेले अन्न खराब होते आणि तसे देणे म्हणजे घेणाऱ्याचा अपमानच.

कुणी विचारेल, स्टीलची ताटे धुवायला पाणी लागतेच ना? लागते. त्यासाठी तीन टप ठेवावेत. पहिल्यात खरकटे काढायचे, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. वाहत्या नळाखाली धुण्यापेक्षा पाणी खूपच कमी लागते. जिथे पाणी अगदीच नाही तिथे पळसाच्या पत्रावळी आहेतच, त्या मातीत मिसळून जातात.

रोजच्या घरातही हेच आहे. एका माणसाचे अन्न दोघांना पुरते ही शिकवण आपल्याकडे आहे. शिळ्या चपातीचा मलिदा, उरलेल्या डाळीचे थालीपीठ, भाजीच्या देठांची चटणी, हे आपल्या नानी-दादींना शिकवावे लागले नाही. भाजीचे टरफल आणि देठ कुंडीतल्या मातीत थोडे थोडे पुरले तर दीड-दोन महिन्यांत खत होते. वर कोरडी माती किंवा वाळलेला पाला घातला की वासही येत नाही.

इफ्तारचे ग्लास आणि पावसाळ्यातली नाली

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २३ जून २०१८ पासून लागू झाली. १ जुलै २०२२ पासून देशभर थर्माकोलची ताटे, प्लास्टिकचे कप, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी आली. तरी रमजानच्या संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यात काय दिसते? सरबताचे कप, फळांच्या प्लेटा, खजुराच्या पिशव्या. कागदी कपही निर्दोष नसतो, पाणी झिरपू नये म्हणून त्याला आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. ईद होते, लोक विसरतात. मग पहिल्या मोठ्या पावसात नाली तुंबते आणि पाणी घरात शिरते. कुणाच्या? जे उतारावर राहतात त्यांच्या. आमच्या गल्लीत पुन्हा त्याच खालांच्या.

वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा इमानचा भाग आहे, हे मुलांना आपण पाठ करून घेतो. मग ती वस्तू वाटेत टाकायची तरी कशाला? यंदा आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत काही तरुणांनी दीडशे स्टीलचे ग्लास जमवले, ज्याने त्याने आपल्या मर्हूम आई-वडिलांच्या नावाने. इफ्तारनंतर मुले पाळीने धुतात. वुजूखान्याचे पाणी नालीत सोडण्याऐवजी पाइप टाकून बाहेरच्या कडुनिंबाला आणि शोषखड्ड्यात वळवले. वापरलेल्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण झाडाला ते चालते.

बकरी ईदला गोश्त वाटताना पिशव्यांऐवजी झाकणाचे डबे पाठवून पाहा. “डबा परत पाठवा बरं का,” म्हटले की परतणाऱ्या डब्यातून शीरखुर्मा किंवा दोन लिंबे येतात. पिशवीतून कधी काही परत आले आहे का?

कपड्यांचेही तसेच. प्रेषित (स.) आपले कपडे स्वतः शिवत, पादत्राण सांधत, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात. ईदला नवा जोडा घ्यावा, आनंदाचा दिवस आहे. पण मागच्या ईदचा जोडा एकदाच घालून कपाटात असेल, तर तो वेळेवर कुणाच्या अंगावर जाऊ द्यावा. लहान झालेल्या फ्रॉकची झबली, जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून घ्याव्यात. आमच्या पिशव्या खालांनीच शिवल्या. त्यांना काम मिळाले, आम्हाला बाजारासाठी सहा मजबूत पिशव्या.

एक वही

वाचक भगिनींनो आणि बांधवांनो, एकदम सगळे बदलायला जाऊ नका. घरात भांडणे होतील आणि पंधरा दिवसांत सगळे थंड पडेल. फक्त एक वही घ्या आणि सात दिवस मोजा. पहिल्या दिवशी वुजूचे पाणी. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या बादल्या. तिसऱ्या दिवशी टपकणारा नळ. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरांहून जास्त. दोन-पाच रुपयांचा वायसर बदलला की ते थांबते. चौथ्या दिवशी ताटात टाकलेले अन्न, पाचव्या दिवशी घरात आलेल्या पिशव्या, सहाव्या दिवशी माणूस नसलेल्या खोलीत चालू राहिलेले पंखे-दिवे. सातव्या दिवशी सगळ्यांनी बसून वही वाचा. मोजायचे काम मुलांना द्या. ती खरे आकडे लिहितात, आई-वडिलांचीही भीड धरत नाहीत.

माझ्या वर्गाच्या वह्या आल्या तेव्हा सर्वांत मोठा आकडा अकरा लिटरचा होता, सर्वांत लहान एका आजोबांचा, एक लिटर. त्या मुलीने आकड्याखाली लिहिले होते, “दादा म्हणतात, दुष्काळात शिकलो.” मी तिला दहापैकी दहा दिले.

आमच्या घरी माळ्यावरचे लोटे खाली आले आहेत. माझे पाणी आता दोन लिटरवर आले आहे, अम्मांची बरोबरी अजून झालेली नाही. मुलगा अधूनमधून बादली सरकवतोच.

अल्लाह आपल्याला त्याच्या नेमतांची कदर करण्याची आणि शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची तौफिक देवो. आमीन.